सेफ्टीला सख्खं कोण?

कारखान्यात माणसं एकमेकांना शिफ्ट कोणती ते विचारतात, डबा खाल्ला का ते विचारतात. मामा विचारायचे, "बोल्टला सख्खं कोन, सांगा!" नवा माणूस गोंधळून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचा. जुनी माणसं हातातलं काम न थांबवता ओरडायची, "जोल्ट, मामा. मागल्या आठवड्यातच झालं की ते!" मग मामा खूश व्हायचे आणि काठी खांद्यावर टाकून पुढच्या मशीनकडे निघायचे.

मामा माझे नात्यातले नव्हेत. कारखान्यात पन्नाशी ओलांडलेला कुणीही मामा नाहीतर काका होतोच, तसे ते सगळ्यांचे मामा झाले होते. रांजणगावच्या एमआयडीसीत आमचा पत्रा दाबून सुटे भाग काढणारा कारखाना. अकरा प्रेस, आणि शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानात तोंड घालावं लागेल असा आवाज. मी सेफ्टी ऑफिसात टायपिंगला आणि फायलींना होते, अजूनही आहे. शिरूरहून कंपनीच्या बसनं येते. मामा केडगावचे. न्हावऱ्याच्या रस्त्यानं जुन्या मोटारसायकलवर येत. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटच्या आत मफलर, आणि शर्टाच्या खिशात एक लांबट वही, घामानं कायमची वाकलेली.

त्यांचं काम साधं होतं. प्रत्येक प्रेसच्या तोंडाशी न दिसणाऱ्या उजेडाचा एक पडदा असतो. कामगाराचा हात त्यात असेपर्यंत प्रेस खाली येत नाही. आम्ही त्याला सेन्सर म्हणतो. तो चालू आहे की नाही हे रोज सकाळी पहिल्या शिफ्टला बघायचं. मामांकडे लाल रंग दिलेली हातभर काठी होती. ती प्रेसच्या तोंडात घालायची, प्रेस थांबली की मशीनला लटकवलेल्या तक्त्यावर त्या दिवसाच्या चौकोनात सही करायची. सोमवार ते शनिवार, सहा चौकोन. आठवडा संपला की अकरा तक्ते माझ्याकडे फायलीला यायचे. मामांची सही त्यांच्या बायकोनं पाहिली नसेल इतक्या वेळा मी पाहिलेली आहे.

आणि या सगळ्या फेरीत तोंडानं चालायचं ते यमक. तेही मराठी नव्हे, इंग्रजी.

मामांनी इंग्रजी शब्दांची सगळी भाऊबंदकी मांडून ठेवली होती. शेवटचा आवाज हुबेहूब जुळला तर ते सख्खं यमक, म्हणजे प्रेसला ड्रेस, गार्डला हार्ड. थोडा जुळला, थोडा सुटला तर चुलत, म्हणजे प्रेसला बेस्ट. आणि स्पेलिंग सारखं पण उच्चार भलताच, फूड आणि गुड यांच्यासारखं, ते सावत्र. "एका घरात राहत्यात, पन एकमेकांशी बोलत न्हाईत," असं ते सावत्रांबद्दल सांगायचे. वहीत प्रत्येक शब्दाला एक पान. डावीकडे चुलत, उजवीकडे सख्खं. सावत्रांना तळाला, बारीक अक्षरात.

सख्खं शोधायची रीतही त्यांचीच. "शब्दाचं डोस्कं उडवायचं आन् धडावर ए पासनं एकेक डोस्कं बसवून बघायचं." बट, कट, गट, हट, करत अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत राहायचा. चार बोटांची बारा पेरं, दोन्ही हातांची चोवीस. इंग्रजी अक्षरं सव्वीस. उरलेल्या दोघांचं काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "एक्स आन् झेड. त्यांना कोन इचारतंय? आले तर दारात हुभं करायचं." चालताना, जेवताना, वरच्या साहेबांशी बोलतानासुद्धा त्यांचा अंगठा पेरांवरून चाललेला असायचा. परगावचे कामगार त्यांना शायर म्हणत. आमचे लोक काय म्हणत ते लिहिण्यासारखं नाही.

हे खूळ आलं कुठून? केडगावच्या ख्रिस्ती मिशनमधून. मामांची आई तिथल्या स्वयंपाकघरात भाकऱ्या भाजायची. मामा लहानपणी खिडकीखाली बसायचे आणि आत इंग्रजीत प्रार्थना चालायच्या. "मला अर्थ काय कळायचा न्हाई," ते सांगत, "पन शेवट कळायचा. एका वळीचा शेवट आला की दुसरीचा काय येनार, ते आधीच कानात वाजायचं." मिशनमधल्या एका म्हाताऱ्या बाईंनी ते हेरलं आणि उच्चार शिकवले. मामा बौद्ध. घरात बुद्धाची मूर्ती, कारखान्यात शिरताना गेटवरच्या शिपायाला खणखणीत "जय भीम". पण इंग्रजीतला ए लांब की आखूड यावर त्या बाईंचा शब्द शेवटचा. शिक्षण बारावीपर्यंत झालं आणि तिथंच राहिलं. कान मात्र एम.ए. झालेला होता.

कारखान्यात दरवर्षी सेफ्टीचा आठवडा पाळतात. घोषवाक्यांची स्पर्धा होते, इंग्रजीत. बाकीचे फोनवरून उतरवून आणतात. मामा वर्षभर तयारी करत. "हेल्मेट ऑन द हेड, नॉट अंडर द बेड," हे त्यांचं. "वेअर द शू, टोज स्टे विथ यू," हेही त्यांचंच. बक्षीस ठरलेलं: भाकरी गरम ठेवायचा कंपनीचं नाव छापलेला डबा. नऊ वर्षांत नऊ डबे. दोनच माणसं घरात, इतक्या डब्यांत ठेवायला भाकऱ्या कुठून आणायच्या, म्हणून मामी कातावून एकात कांदे ठेवायच्या आणि एकात औषधं. आणि गेटच्या आतल्या बाजूला जो मोठा पिवळा फलक आहे, ज्याच्याखालून आम्ही रोज आत जातो, तोही मामांचाच. "डू द चेक, सेव्ह युवर नेक." मामा आत शिरताना त्या फलकाकडे बघत, घरून निघताना माणूस देवाकडे बघतो तसे.

एकच शब्द त्यांना पुरून उरला होता, आणि तो नेमका ज्याच्यावर सगळा डोलारा तो. सेफ्टी.

बारा वर्षं ते सेफ्टीला सख्खं शोधत होते. वहीत त्या पानाची डावी बाजू गच्च भरलेली, उजवी कोरी. आमचे सेफ्टी ऑफिसर साहेब पुण्याचे, इंग्रजी शाळेत शिकलेले. ते एकदा म्हणाले, "मामा, हेफ्टी आहे की. लेफ्टी आहे."

मामांनी कानाला हात लावला. "साहेब, सेफमदला ए लांब हाय. हेफ्टीतला आखूड. चुलतच ते."

"कोण बघतंय, मामा?"

"कान बघतो ना, साहेब."

सात नंबरच्या प्रेसवर सुरेंदर होता, ठेकेदाराचा माणूस, बिहारचा. तिशीचा असेल. बायको-मुलं गावाला. दहावीला इंग्रजीत अडकलेला, म्हणून की काय त्याला या खेळाची गोडी. मामांची काठी सात नंबरला आली की तो हात मागं घ्यायचा आणि एखादा शब्द पुढं करायचा. एकदा म्हणाला, "मामा, सेफ्टी को हेस्टी चलेगा?"

मामांनी दोन्ही डोळे मिटले, शब्द जिभेवर घोळवला आणि म्हणाले, "ए लंबा है, ये अच्छा है. मगर बीच में गडबड है. चचेरा है, सुरेंदर. मगर एकदम खानदानी चचेरा है." आणि वहीत डावीकडे हेस्टीच्या पुढे कंसात त्याचं नाव लिहिलं. दुसऱ्या कुणाचं नाव त्या वहीत नव्हतं. सुरेंदर ते पान महिनाभर सगळ्यांना दाखवायला लावायचा.

मामांचा आणि माझा लोभ जमला तो माझ्या मुलीमुळे. नवऱ्याचं काम सुटलं होतं, मी स्वतः अकरा महिन्यांच्या तात्पुरत्या नोकरीच्या ऑर्डरवर, आणि तशात ऐट करून मुलीला शिरूरच्या इंग्रजी शाळेत घातलं. पहिलीच्या बाईंनी गृहपाठ दिला: दिलेल्या शब्दाला पाच यमकं लिहा. मला एकही येईना. दुसऱ्या दिवशी मामांना सांगितलं तर जेवण बाजूला सारून त्यांनी एकोणीस लिहून दिली, सख्खी वेगळी, चुलत वेगळी. बाईंनी लाल पेनानं शेरा मारला, पाचच पुरेत. मामांना तो शेरा दाखवला तेव्हा ते दिवसभर फुरंगटून होते. "पाच पुरंत म्हनं. बाकीच्यांनी कुठं जायचं?" त्यानंतर दर सोमवारी मुलीसाठी एक चिठ्ठी यायची. तिच्या कंपासपेटीत अजून आहेत त्या.

त्या वर्षी सेफ्टीच्या आठवड्यात परदेशी गिऱ्हाइकं कारखाना बघायला येणार होती. साहेबांनी फर्मान काढलं, की यंदाच्या मोठ्या बॅनरवर ओळीच्या शेवटी सेफ्टी हाच शब्द पाहिजे, आणि गोऱ्यांनी वाचून मान डोलवली पाहिजे. सोमवारी सकाळी मामांना ऑफिसात बोलावून माझ्या टेबलाशेजारी खुर्ची दिली. "हे झाल्याशिवाय उठायचं नाही. फेरीचं नंतर बघा."

"साहेब, काठी लावायची हाय सगळ्यास्नी."

"बारा वर्षांत एकदा तरी सेन्सर बंद सापडलाय का? सह्या करून टाका आणि बसा इथं."

मामा गेले. अर्ध्या तासानं परत आले ते काठी कुठंही न लावताच. अकराच्या अकरा तक्त्यांवर शनिवारपर्यंतच्या सह्या एकदमच मारून आले होते. मला हे ठाऊक होतं, कारण त्यांनीच सांगितलं, पोरानं गृहपाठ बुडवल्याचं सांगावं तसं. "आठवड्याचं एकदम उरकलं. ह्यो शब्द सुटला की फिरतो परत." त्यात मला काही भयंकर वाटलं नाही. तक्ते आधी भरून ठेवणं हे कारखान्यात पाप नसतं, सवय असते.

आणि ते बसले. सोमवार गेला, मंगळवार गेला. हेफ्टीवर भागवलं असतं तर सोमवारी दुपारीच उठले असते. साहेबही तेच म्हणत होते. पण मामा ऐकेनात. शब्दाचं डोकं उडवून बसवून बघणं चाललं होतं: बेफ्टी, केफ्टी, डेफ्टी. मी हसत होते, टाइप करत होते, मध्येच चहा देत होते.

मंगळवारी दुपारी सात नंबरचा सेन्सर उगीचच प्रेस थांबवू लागला. तो धुळीनं कधीकधी तसं करतो. पुसायचा, तपासायचा, आणि मग चालू करायचा, हा नियम. पण गिऱ्हाइकं यायच्या आत माल काढायचा होता. सुपरवायझरनं चावी फिरवून सेन्सरच बंद केला. बुधवारी सकाळी मामांची काठी सात नंबरच्या तोंडात गेली असती, तर प्रेस थांबली नसती, आणि मामांनी आरडाओरडा करून मशीन बंद पाडलं असतं. काठी माझ्या टेबलाला टेकून उभी होती.

अकराच्या सुमारास आवाज थांबला. कारखान्यात आवाज असतो तोवर सगळं ठीक असतं. एकेक प्रेस थांबत गेली आणि शेवटी कुणीतरी रडल्यासारखं ऐकू आलं. मामांनी वहीतून डोकं वर काढलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सात नंबर." कसं कळलं कुणास ठाऊक. कान, दुसरं काय.

सुरेंदरच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला.

त्याला गाडीत घालून शिरूरला नेलं. मामा त्याच्याबरोबर गाडीत चढले, तेव्हा त्यांचा शर्ट खिशातल्या वहीसकट लाल झाला होता. साहेब मशीनजवळ गेले. सुपरवायझरनं तोवर चावी फिरवून सेन्सर चालू करून ठेवला होता. साहेबांनी तक्ता पाहिला आणि मला बोलावलं.

"ताई, आज वार कुठला?"

"बुधवार."

"मग गुरुवार, शुक्रवार, शनिवारच्या सह्या कशा?"

साहेबांनी तक्ता खाली काढला, तसे बाकीचे दहाही काढायला लावले आणि गठ्ठा माझ्या हातात दिला. "हे खराब झालेत. फ्रेश करून आणा. जुने कागद कापायच्या मशीनमध्ये बारीक करा." मग जरा थांबून म्हणाले, "तुमची ऑर्डर येत्या महिन्यात संपते ना? बघू आपण." एवढंच बोलले. शहाणी माणसं एवढंच बोलतात.

मी आत जाऊन दार लावलं आणि अकरा कोऱ्या तक्त्यांवर सोमवार, मंगळवार, बुधवार अशा मामांच्या तेहतीस सह्या केल्या. एकही चुकली नाही. इतक्या वर्षांची सवय होती डोळ्यांना. दहा जुने तक्ते मी यंत्रात घातले. सात नंबरचा घालताना हात थांबला. तो चार घड्या करून डब्याच्या पिशवीत टाकला. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. धाडस म्हणून नव्हे, एवढं नक्की. घरी नेऊन कपाटात साडीखाली ठेवला आणि स्वतःलाच सांगितलं, की मी काहीच केलेलं नाही.

चौकशी पुढच्या सोमवारी होती. ठरायचं होतं ते एवढंच, की चूक कुणाची. सेन्सर बंद होता असं निघालं, तर कंपनीला सुरेंदरला ठेवून घ्यावं लागणार होतं, बसून करायचं एखादं काम द्यावं लागणार होतं. सेन्सर चालू होता असं निघालं, तर त्यानंच काहीतरी उपद्व्याप करून हात घातला, आणि ठेकेदार त्याला गावच्या गाडीत बसवून देणार. मामांना तोवर घरी राहायला सांगितलं होतं.

ते पांढरा शर्ट घालून आले. बाहेरून आलेले दोन साहेब, आमचे साहेब, सुपरवायझर, ठेकेदार. सुरेंदर भिंतीजवळच्या बाकावर, हात छातीशी बांधलेला. मी कोपऱ्यात लिहून घ्यायला. मामा बसलेच नाहीत, उभ्यानं बोलले.

"साहेब, ह्या गड्याची चूक न्हाई. चूक माझी हाय. मी सोमवारीच शनिवारपत्तूर सह्या मारल्या. बुधवारी काठी लावलीच न्हाई. सेन्सर चालू होता का बंद, मला ठाव न्हाई. लावली आसती तर ठाव आसतं."

आमच्या साहेबांनी शांतपणे फाइल उघडली. "मामा, तुम्हाला धक्का बसलाय, आम्ही समजू शकतो. हा तक्ता बघा. बुधवारपर्यंतच सह्या आहेत. तुम्ही म्हणता तशा शनिवारच्या कुठे आहेत?"

मामांनी चष्मा लावला. तक्ता हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. सोमवारवर बोट ठेवलं, मंगळवारवर ठेवलं, बुधवारवर ठेवलं. मी मान खाली घालून पेन धरून बसले होते आणि मनात एकच चाललं होतं, माझं नाव नको, माझं नाव नको.

"बाकीचे तक्ते बघू का?" मामांनी विचारलं.

दहाही दाखवले. मामांनी ते एकेक करून उलटले आणि व्यवस्थित जुळवून परत ठेवले.

"मग माझीच कायतरी गल्लत झाली आसंल, साहेब," ते म्हणाले. "वय झालं. डोस्कं ठिकानावर राहत न्हाई."

"म्हणजे बुधवारी तुम्ही काठी लावली होती?"

बाकावरून सुरेंदर त्यांच्याकडे बघत होता. त्याला मराठी फारसं येत नव्हतं, पण काय चाललंय ते त्याला कळत होतं.

"कागद म्हनतोय तर लावली आसंल," मामा म्हणाले.

मी ते लिहून घेतलं.

चार दिवसांनी ठेकेदाराच्या माणसानं सुरेंदरला दौंडला नेऊन उत्तरेकडच्या गाडीत बसवलं. मामा मोटारसायकलवर दौंडला गेले होते, असं मागाहून कळलं. आठवड्याभरात त्यांनी राजीनामा दिला. कारखान्यात सगळे म्हणायला लागले, की यमकांनी मामांचं डोकं खाल्लं, केलेलं काम केलं नाही म्हणून सांगत होते. जेवणाच्या सुट्टीत हे बोलणं निघालं की मीही मान हलवायचे. एकदा तर मी म्हणाले, "हो ना, शेवटी शेवटी भ्रमच झाला होता त्यांना." हे वाक्य माझंच आहे, आणि ते मी पोळीभाजी खाता खाता बोलले.

माझी ऑर्डर वाढली. मुलगी दुसरीत गेली. सोमवारच्या चिठ्ठ्या बंद झाल्या, त्याबद्दल ती विचारायची.

वर्षभरानं एका रविवारी मी तक्ता पर्समध्ये घालून केडगावला गेले. मुलीच्या प्रश्नांनी गेले म्हणा, नाहीतर झोप नीट लागत नव्हती म्हणून म्हणा. वाटेत मी सगळं जुळवून ठेवलं होतं. मामांना सांगायचं, की तुम्हाला भ्रम झाला नव्हता, हा घ्या पुरावा. त्यांच्या पायावर डोकं ठेवायचं. ते रागावतील, मग रडतील, मग मला मोकळं करतील.

मामा अंगणात खाटेवर बसले होते. निम्मे झाले होते. हात मांडीवर उपडे, अंगठे स्वस्थ. त्यांचे अंगठे स्वस्थ मी पहिल्यांदाच पाहिले. "कवा आलीस?" म्हणाले, "लेक कशी हाय?" मामींनी बक्षिसाच्या डब्यातून भाकरी काढून वाढली. खाल्ल्यावर मी तक्ता त्यांच्यापुढं ठेवला. घड्यांनी चिरत आलेला, सात नंबर, सहाच्या सहा सह्या.

मामांनी तो उचलून बोटानं घड्या सरळ केल्या.

"म्हंजी ह्यो ऱ्हायला हुता तर," ते म्हणाले.

"मामा, तुमच्या डोक्याला काही झालेलं नव्हतं. त्या सह्या मी..."

"मला ठाव हाय."

"कधीपासून, मामा?"

"तवाच कळलं. त्या सह्या सरळ हुत्या, पोरी. माझा हात चार वर्सं कापतोय." त्यांनी हात पुढं केला. खरंच कापत होता. इतक्या सह्या पाहून मला अक्षर दिसलं होतं, कापरा हात दिसला नव्हता. "आन् त्या हापिसात माझी सही रोज बघनारं दुसरं कोन हुतं?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"सही माझी न्हाई म्हनलो आसतो तर तिथल्या तिथं इचारलं आसतं, मग कुनाची? तुझी लेक नुकती साळंत घातलेली. बाकावर त्यो बसलेला, कोपऱ्यात तू. दोघांतलं येक धरायचं हुतं. मी तुला धरलं." ते थांबले. "धरलं ते बरोबर धरलं का, ते मला म्हाईत न्हाई. तुझी मामी म्हनती, त्यागच केला. त्याग कसला? बोटं त्याची गेली, चूक माझी, आन् त्याग त्याच्या नावावर केला मी."

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही.

"येक इचार मात्र सारखा येतो," ते म्हणाले. "शब्दाला चुलत चालंना मला. तीन दिस हटून बसलो, सख्खंच पायजे. आन् सहीला चाललं."

मग ते उठून आत गेले आणि वही घेऊन आले. रक्ताचे डाग काळे पडले होते. सेफ्टीचं पान उघडून माझ्यापुढं धरलं. डावीकडे गच्च चुलत. हेस्टी, पुढे कंसात सुरेंदर. उजवीकडची बाजू, बारा वर्षं कोरी ठेवलेली, आता भरलेली होती. सुरेंदरचं पूर्ण नाव, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा. कापऱ्या अक्षरात, देवनागरीत.

"दौंडला गाडी सुटायच्या आधी लिहून घेतला. मी काय करनार हुतो त्याचं? माझ्याकडं पत्ता हुता, कागद न्हवता. तुझ्याकडं कागद हुता, पत्ता न्हवता. ह्यो कागद त्याच्याकडं गेला तर त्याची चूक न्हवती हे त्याला कुनापुढं तरी मांडता येईल. न्हाईतर निदान बायकोपुढं." त्यांनी वही मिटून तक्त्यावर ठेवली आणि दोन्ही माझ्याकडे सरकवलं. "आता दोन्ही तुझ्याकडं हाय."

मी नमस्कार केला. ते "जय भीम" म्हणाले. मोकळं वगैरे काही केलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. मी गेले होते मातीला. कारखान्यातून मी एकटीच.

पिवळा फलक गेटवर तसाच आहे. दर पावसाळ्यानंतर त्याला रंग देतात. सात नंबरवर आता दुसरा माणूस आहे, ओडिशाचा, आणि काठी दुसऱ्याच कुणाकडे. तक्ते शनिवारी माझ्याकडे फायलीला येतात, आणि सोमवार ते शनिवार एकाच पेनानं, एकाच दमात केलेल्या सह्या मला लगेच ओळखू येतात. मी त्या फायलीत लावते.

केडगावहून आले त्याच आठवड्यात मी पाकीट आणलं, तक्ता आत घातला, वहीत बघून पत्ता लिहिला, तिकिटं लावली. त्याला दोन दिवाळ्या होऊन गेल्या. पाकीट कपाटात साडीखाली आहे. माझी कंपनीची बस शिरूरच्या पोस्टासमोरच थांबते.